देव्हाऱ्याची वरची फळी

माझं डोकं पटकन फिरतं. बायकोला विचारा, सोसायटीच्या वॉचमनला विचारा, कंपनीत कुणालाही विचारा. तळोज्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. आलेल्या मालाचे नमुने तपासायचे आणि खराब निघाला की सही करून परत पाठवायचा, हे माझं काम. बावीस वर्षं हेच केलंय. त्यामुळे एखादी गोष्ट मला एकदा खराब वाटली की ती खराबच, त्यावर मग मी कुणाचं ऐकत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते माझ्या ह्या एका खोडीमुळे झालं.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. गणपती उठले आणि त्याच आठवड्यात दादांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टर मला बाजूला घेऊन स्पष्ट बोलले. "मान धरली तर बसतील, बसले तर छाती मोकळी राहील. असेच पडून राहिले तर छातीत कफ भरत जाणार, मग माझ्या हातात फारसं काही राहणार नाही." मी घरी येऊन आईला आणि बायकोला हेच सांगितलं. मान. बाकी काही नाही झालं तरी चालेल, मान उचलली पाहिजे.

आमचं घर सीवूड्सला, दोन खोल्या आणि हॉल. दवाखान्यात असते तशी लोखंडी खाट भाड्यानं आणली, ती बेडरूमच्या दारातून आतच जाईना. म्हणून हॉलमध्ये लावली. समोरच्या भिंतीवर आमचा देव्हारा. दादांनी मान वर केली असती तर त्यांना तो सरळ दिसला असता. पण मान वर होत नव्हती. एक दिवसाआड एक फिजिओवाली मुलगी यायची, गोड बोलायची, "आजोबा, मान उचला ना, माझ्याकडे बघा ना." दादा पंख्याकडे बघत बसायचे. तिच्यासमोर एकदाही त्यांनी मान उचलली नाही.

तो देव्हारा दादांच्याच हातचा. आमचं गाव साताऱ्याकडचं, घरात कुलदैवत खंडोबा, आणि दादा सुतार. इकडे आल्यावर जासईच्या कंटेनर यार्डात त्यांनी उभी हयात पॅकिंगचं काम केलं. मोठमोठ्या मशिनींना लाकडी खोके ठोकायचे, कंटेनरमध्ये माल हलू नये म्हणून ठोकळे मारायचे. दिवसभर खिळे ठोकणारा माणूस, पण देव्हाऱ्यात एक खिळा मारला नाही. "देवाच्या घरात लोखंड नको," म्हणाले. सगळे सांधे खाचेचे, आणि आरपार लाकडी खुंट्या. लाकूड यार्डातलंच, परदेशातून आलेल्या कुठल्याशा खोक्याचं. पांढरट आणि हलकं. जात कुठली, ते त्यांनाही माहीत नव्हतं. वरच्या फळीच्या पाठीवर, लाकूड भट्टीत तापवून किडा मारल्याचा जळका शिक्का होता, तो त्यांनी मला कौतुकानं दाखवला होता. "ह्याला आता किडा लागायचा न्हाई." मीसुद्धा रंधा धरायला त्यांच्याकडेच शिकलो. आता बाल्कनीत मशीन लावून हौस म्हणून स्टुलं, खोकी करत असतो.

दिवाळीच्या सुमाराला आईला खंडोबाच्या टाकाखाली, लाल कापडावर, पिवळट पीठ दिसायला लागलं. रोज सकाळी चिमूटभर. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे हात जोडले. "अहो, देवावर आपोआप भंडारा पडतोय!" झालं. दुसऱ्या दिवशी आठव्या मजल्यावरच्या दोघीजणी, मग बी विंगमधल्या. कुणी नारळ घेऊन येतंय, कुणी कागदाच्या पुडीत चिमूटभर भंडारा मागतंय. आई कुणाला हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "घ्या की," एवढंच म्हणायची.

माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. अरे, आपण काय जेजुरीच्या पायथ्याशी राहतो का? बायको म्हणायची, "असू दे हो, त्यांना तेवढाच आधार." मी म्हणायचो, "आधार नाही, अडाणीपणा आहे."

पण एक गोष्ट मला कबूल करायला हवी. दादा मान उचलायला लागले होते. कंपनीची बस सात दहाला नाक्यावर यायची, मी बुटाच्या नाड्या बांधत दारात असायचो. आई आंघोळ करून ओल्या केसांनी देव्हाऱ्यापाशी जायची, कापडावरचं पीठ तळहातावर घ्यायची आणि दादांच्या खाटेवर, माझ्याकडे पाठ करून बसायची. तोंडानं काहीतरी पुटपुटत असायची. मग दादांची मान उशीवरून हळूहळू वर यायची. आधी बोटभर, मग चार बोटं. मग आई बोट त्यांच्या कपाळाला टेकवायची आणि ते परत टेकायचे. फिजिओवालीला जे महिनाभर जमलं नव्हतं ते ह्या पिठानं होत होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि रागही आला. म्हणजे आता आईला समजावणं अजूनच अवघड झालं.

ते पीठ भंडारा नाही हे मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. सुताराचा मुलगा आहे मी. लाकडाला किडा लागला की असं मैद्यासारखं पीठ पडतं. टाकावर रोज भंडारा उधळायचा, त्यात ते मिसळून पिवळं दिसत होतं, एवढंच. म्हणजे वरच्या फळीत किडा होता. मी आईला म्हटलं, "देव्हारा खाली काढतो, वरची फळी बदलतो, पॉलिश मारून देतो."

"आत्ता नको," ती म्हणाली.

"रविवारी करतो."

"आयतवारी न्हाई हात लावायचा. देवाचा वार."

"मला सुट्टीच रविवारी असते, आई!"

"चंपाषष्ठी होऊ दे मग."

चंपाषष्ठी झाली. दर वर्षी तळी उचलायला दादा पुढे असायचे, त्या वर्षी मी, माझा मुलगा आणि सोसायटीतले तिघे होतो. येळकोट येळकोट म्हणताना माझा आवाज बसला. दादा खाटेवरून बघत होते. दुसऱ्या दिवशी मी परत विषय काढला, तर आई म्हणाली, "पौष लागू दे." मग मला कळून चुकलं की हिला फळी बदलायचीच नाहीये. हिचा देव बंद पडेल म्हणून घाबरते आहे. मनात म्हटलं, बास.

पुढच्याच रविवारी बायको आईला डोळे तपासायला नेरूळला घेऊन गेली. मोतिबिंदूचं बघायचं होतं, दोन-तीन तास जाणार होते. मी कोपऱ्यातल्या चौरंगावर देव काढून ठेवले, देव्हारा भिंतीवरून उतरवला आणि हॉलमध्येच जुनं चादरीचं फडकं पसरून कामाला बसलो. दादांच्या खाटेसमोर. म्हटलं, बघतील, बरं वाटेल त्यांना.

आणि दादा बघत होते. मी खुंट्यांवर लाकडी हातोडीनं टकटक करायला लागलो तशी त्यांची मान वर आली. राहिली. इतका वेळ कधीच राहिली नव्हती. मानेच्या शिरा ताठल्या होत्या, डावा हात चादरीवर हलत होता, घशातून "हं, हं" असा आवाज. मला वाटलं तहान लागली. उठून चमच्यानं पाणी पाजलं. पाणी त्यांनी ओठांवरून ओघळू दिलं आणि परत मान वर केली. मी म्हटलं, "वा दादा! आज किती वेळ मान वर! आई आली की सांगतो तिला." मी खूश होतो. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वरची फळी सुटली. वरून ऑइलपेंट मारलेला, त्यामुळे अगदी धडधाकट. उलटी केली तर आतून टाचणीनं टोचल्यासारखी शेकडो भोकं. अंगठ्यानं दाबली तर अंगठा आत गेला. मोडली, तेव्हा बिस्किटासारखी मोडली. आत लाकूड असं उरलंच नव्हतं, नुसत्या नळ्या, वेड्यावाकड्या, एकमेकींत शिरलेल्या, पिठानं गच्च भरलेल्या. काही नळ्यांत पांढऱ्या अळ्या होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या. शिक्का मारलेला भाग तेवढा जळका असल्यामुळे शाबूत होता. तो तुकडा आणि मोडलेली फळी मी दादांच्या तोंडासमोर धरली.

"बघा दादा. ह्याला आई भंडारा म्हणते. आणि बिल्डिंगभर वाटते!"

मी हसलो. दादा त्या फळीकडे बघत राहिले. डावा हात उचलून त्यांनी एका नळीवरून बोट फिरवलं. मग हात चादरीखाली ओढून घेतला आणि मान उशीवर टेकली. मला वाटलं, थकले.

बाकीच्या फळ्यांतसुद्धा चार-दोन भोकं होती. दादांच्या औषधांच्या रिकाम्या सिरिंजा होत्याच, त्यांनी एकेका भोकात किड्याचं औषध सोडलं. सागाची फळी आधीच कापून ठेवली होती. खाचा इतक्या नेमक्या बसल्या की माझी मीच पाठ थोपटून घेतली. जुनी फळी अळ्यांसकट पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो. आई परत आली तेव्हा पॉलिशचा पहिला हात झाला होता.

आईनं चप्पल काढली, देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग दादांकडे. मी तयारीतच होतो. ती रडेल, भांडेल, देव कोपेल म्हणेल, मग मी तिला भोकं दाखवीन, असं सगळं ठरवून ठेवलं होतं. ती फक्त म्हणाली, "फळी कुठंय?"

"टाकली. किडा होता, आई. पीठ होतं ते किड्याचं."

"व्हय," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

सोमवारी सकाळी मी नाड्या बांधत होतो. आई रिकाम्या हातानं खाटेवर बसली होती. दादा पंख्याकडे बघत होते. मंगळवारी तेच. बुधवारी मी वैतागलो. आदल्या संध्याकाळी पूजेच्या दुकानातून आणलेलं भंडाऱ्याचं मोठं पाकीट आईपुढे ठेवलं. "हा घे खरा भंडारा. लाव त्यांना, उचलतील मान." तिनं मुकाट्यानं लावला. दादांनी मान उचलली नाही. मी म्हटलं, "तू मनापासून लावत नाहीयेस."

तेव्हा ती माझ्याकडे वळली. आईला मी चिडलेली फार कमी वेळा पाहिली आहे. तेव्हाही चिडली नव्हती. दमली होती.

"तुला काय वाटलं, मला ठावं नव्हतं? पन्नास वर्सं सुताराच्या घरात काढली म्या. किड्याचं पीठ मला कळत न्हाई व्हय?"

मी पाकीट उचलून बाजूला ठेवलं.

"मी रोज पीठ हातावर घ्यायची न् ह्यास्नी म्हनायची, बघा, आज येवढं पडलं. काल येवढं व्हतं. तुमची फळी चाललीया. उठा, बदला. पोराला सांगनार न्हाई मी, तुमचं काम हाय, तुमीच करायचं. ते बघायला मान उचलायचे रं. कपाळाला बोट लावायचं ते मागनं."

दारातून मला तेवढंच दिसायचं. तिची पाठ दिसायची आणि कपाळाला टेकलेलं बोट. पुटपुटणं मला देवाचं वाटलं होतं. ती नवऱ्याशी बोलत होती.

"मग मला सांगायचं नाही का तू?" मी ओरडलोच. ओरडायचा हक्क नव्हता मला, पण मला दुसरं काही येत नाही.

"काय सांगायचं? सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी करून मोकळा झाला असतास."

खरं होतं. शंभर टक्के खरं होतं. आणि बिल्डिंगमधल्या बायकांना का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, "त्यास्नी सांगितलं असतं तर त्यांनी तुझ्या कानावर घातलं असतं." रविवार, चंपाषष्ठी, पौष, सगळं त्यासाठीच. दादांना एक-एक आठवडा मिळावा म्हणून. मी त्याला अडाणीपणा म्हटलं होतं.

त्या दिवशी मी कंपनीत गेलो नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. बेडरूममध्ये बसून राहिलो आणि दुपारी मला एक अक्कल सुचली. देव्हारा परत खाली घेतला, नव्या फळीची एक खुंटी अर्धी बाहेर ओढली. फळी हलायला लागली. तो सगळा सांगाडा उचलून मी दादांच्या खाटेवर, त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.

"दादा, फळी नीट बसली नाही हो माझी. हलतेय बघा. मला जमेना. तुम्ही बघता का जरा?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दादांनी डोळे माझ्याकडे वळवले. मग डावा हात देव्हाऱ्यावर ठेवला. मान उचलली नाही, त्याची गरजच नव्हती त्यांना, बोटांना सगळं दिसत होतं. अंगठा खाचेवरून हळूहळू फिरला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठेही अडला नाही. मग अर्ध्या बाहेर आलेल्या खुंटीवर येऊन थांबला. सांधा बिघडून खुंटी बाहेर येते आणि कुणी मुद्दाम ओढून काढतं, ह्यातला फरक सुताराला कळणार नाही होय? ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. रागानं नाही. लहानपणी मी खोटं बोललो की बघायचे तसं.

मग त्यांनी अंगठ्यानं खुंटी दाबली. एका दाबात ती आत गेली, गच्च बसली. फळी हलायची थांबली. दादांनी दोन बोटांनी फळीवर टकटक केलं, यार्डात खोका पूर्ण झाला की करायचे तसं, आणि डोळे मिटून घेतले.

मी तिथे खाटेच्या पायाशी बसून रडलो. मुलगा शाळेतून आला तेव्हा रडतच होतो.

त्यानंतर दादांनी मान उचलली नाही. आम्ही काय काय नाही केलं. फिजिओवाली रोज यायला लागली, बायकोनं टीव्ही खाटेच्या पायथ्याशी उंचावर लावला, मी माझी अर्धवट स्टुलं त्यांना दाखवायला आणायचो. ते बघायचेसुद्धा नाहीत. माघ उजाडला तसा छातीतून घरघर ऐकू यायला लागली. डॉक्टर आले, स्टेथोस्कोप काढला, आणि "मी तुम्हाला म्हणालो होतो," हे वाक्य बोलायचं त्यांनी टाळलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आठ दिवस दवाखान्यात काढले आणि दादा गेले. लोक म्हणाले, सुटले. मीही मान हलवली.

दहाव्याला गावाकडची माणसं आली होती. एका चुलत्यांनी देव्हारा निरखून पाहिला आणि विचारलं, ही वरची फळी कुणाची? आई म्हणाली, "ह्यानं केली. बापावानी हात हाय त्याचा." टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं. मी उठून बाल्कनीत गेलो आणि मशिनींवर टाकलेलं प्लास्टिक नीट करत उभा राहिलो. ते प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही.

खाट परत गेली. हॉल मोकळा झाला. आई अजूनही सकाळी ओल्या केसांनी देव्हाऱ्यापाशी जाते, टाक उचलते, खालच्या लाल कापडावरून बोट फिरवते आणि ते बोट उजेडात धरून बघते. मग पदराला पुसते. शेजारच्या काकूंनी भंडारा मागितला तर माझ्या पाकिटातला देते.

परवा नाड्या बांधताना मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, साग आहे तो. पिढ्यान्‌पिढ्या किडा लागायचा नाही. आणि लागलाच तर मला सांग."

तिनं टाक जागेवर ठेवला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लागला तर लागू दे. आता कुनाला दाखवायचंय?"